दोन्ही सामने एकाच मैदानावर असताना 'परक्या मैदानावरील गोल' हा निकष लावणे योग्य आहे का?

भांडुपकर

नमस्कार. मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका छोट्या फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक आहे. आमच्या परिसरातील आठ क्लब मिळून दर हिवाळ्यात एक स्पर्धा भरवतात. तिच्या बाद फेरीविषयी मला जाणकारांचे मत हवे आहे. प्रश्न एका उपांत्य सामन्यातून उभा राहिला असला तरी तो केवळ आमच्या पराभवाचा नाही. म्हणून घडले ते आधी नीट सांगतो.

आमच्या नियमावलीनुसार उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीत प्रत्येक जोडीचे दोन सामने होतात आणि अंतिम सामना एकच असतो. दोन सामन्यांची गोलबेरीज समान राहिली, तर ज्या संघाने परक्या मैदानावर अधिक गोल केले तो पुढे जातो. अडचण अशी की मुंबईत अकरा-अकरा खेळाडूंसाठी पूर्ण मापाचे मैदान मिळणे किती कठीण आहे हे येथील सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यामुळे स्पर्धेतील सर्व सामने एकाच मैदानावर होतात. यजमान कोण आणि पाहुणे कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरते. आमच्याकडे पहिल्या सामन्याचे यजमानपद आले, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेवर आमचे नाव आधी छापले गेले, एवढाच त्याचा अर्थ होता. दोन्ही संघ त्याच रेल्वे स्थानकावर उतरले, खांद्याला पिशव्या लावून त्याच रस्त्याने चालत आले आणि त्यांनी बूट बदलले तेही एकाच झाडाखाली.

पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. आमचा गोल पहिल्या अर्धात कॉर्नरवरून हेडरने झाला, त्यांचा दुसऱ्या अर्धात. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे दोन्ही गोल फाटकाकडच्या एकाच चौकटीत गेले. तिथली जाळी डाव्या कोपऱ्यात फाटलेली असून सुतळीने बांधलेली आहे, आणि दोन्ही वेळा चेंडू त्या गाठीजवळच अडकला. दुसरा सामना ०-० राहिला. लांब शिट्टी झाल्यावर मुले पाणी पीत गोल करून बसली, गोलरक्षकाने कोरडे हातमोजे चढवले, टायब्रेकरला, म्हणजे बरोबरी तोडण्यासाठीच्या पेनल्टी मारायला, कोण कोण जाणार याची आमची चर्चा सुरू झाली आणि तेवढ्यात आयोजकांपैकी एक जण नियमांचा कागद घेऊन आले. पहिल्या सामन्यात आम्ही यजमान होतो, म्हणून प्रतिस्पर्ध्यांचा गोल परक्या मैदानावरचा ठरला आणि आम्ही स्पर्धेबाहेर गेलो.

आमचा डावा बचावपटू सतरा वर्षांचा आहे. परत येताना त्याने मला विचारले, "सर, आपण हरलो कुठे?" दोन सामन्यांत आम्ही एकही सामना हरलो नव्हतो. त्या मुलाला मी काहीही उत्तर देऊ शकलो नाही.

नियम लेखी होता आणि तो वाचूनच आम्ही सही केली होती. त्यामुळे निकालाविषयी माझी तक्रार नाही. मात्र पुढील मोसमाची नियमावली छापली जाण्यापूर्वी समितीची बैठक आहे आणि तिथे मला मुद्देसूद बोलायचे आहे. हा नियम मुळात कशासाठी आला, युरोपात तो का रद्द झाला, अजून कुठे चालू आहे आणि आमच्यासारख्या स्पर्धेने काय करावे, हे कृपया सांगावे.

---

परळचा प्रेक्षक

आपल्या डाव्या बचावपटूचा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर १९६५ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन हे संघ समोरासमोर आले. कोलोनमध्ये ०-०, लिव्हरपूलमध्ये ०-० आणि मग रॉटरडॅमच्या त्रयस्थ मैदानावर तिसरा सामना, तोही जादा वेळेनंतर २-२. पेनल्टीने निकाल लावण्याची पद्धत तेव्हा आलेली नव्हती. पंचांनी दोन रंगांची चकती हवेत उडवली, ती चिखलात कडेवर उभी रुतली आणि पुन्हा उडवावी लागली. दुसऱ्या खेपेस कौल लिव्हरपूलच्या बाजूने लागला. पाच तास खेळून झाल्यावर एका चकतीने निकाल लागावा, ही गोष्ट कोणालाच मान्य होण्यासारखी नव्हती. तिसरा सामना भरवायचा म्हणजे मैदान, प्रवास, तारखा, सगळेच नव्याने जुळवावे लागे, हा त्रास वेगळाच.

याच काळात, १९६५-६६ च्या मोसमात, कप विनर्स कप स्पर्धेत परक्या मैदानावरील गोलांचा निकष प्रथम लागू झाला आणि पुढे तो इतर स्पर्धांतही आला. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. त्या काळी परदेशात जाऊन खेळणे खरोखरच अवघड होते. प्रवास दगदगीचा असे, मैदानांची मापे आणि जमिनीचा पोत ठिकाणागणिक वेगळा असे, प्रतिस्पर्ध्याचा खेळ दूरचित्रवाणीवर पाहून अभ्यासण्याची सोय नसे आणि प्रेक्षकांचे दडपण पंचांवरही येई. पाहुणा संघ सगळे खेळाडू मागे ठेवून केवळ पराभव लहान ठेवण्याचा प्रयत्न करी. त्याने पुढे येऊन गोलचा प्रयत्न करावा, यासाठी त्या गोलाला जास्तीचे मोल दिले गेले.

लोक सर्रास 'परक्या मैदानावरचा गोल दुप्पट धरतात' असे म्हणतात, ते बरोबर नाही. गोल एकच धरला जातो. बेरीज समान झाली तरच तो कुठे केला हे पाहिले जाते. बैठकीत बोलताना हा भेद पाळावा, नाहीतर चर्चा भलतीकडेच जाते.

युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने २४ जून २०२१ रोजी हा नियम रद्द केल्याचे जाहीर केले आणि २०२१-२२ च्या मोसमापासून तो गेला. त्या वेळी त्यांनी दिलेली आकडेवारी बोलकी आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पाहिले तर यजमान संघांच्या विजयांचे प्रमाण ६१ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर उतरले होते आणि पाहुण्यांच्या विजयांचे १९ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर चढले होते. यजमानांचे सरासरी गोल सामन्यामागे २.०२ वरून १.५८ वर आले, तर पाहुण्यांचे ०.९५ वरून १.१५ वर गेले. प्रवास सुखकर झाला, मैदाने एकसारखी झाली, पंचांना तांत्रिक मदत मिळाली. ज्या अडचणीची भरपाई म्हणून नियम आला होता ती अडचणच बरीचशी उरली नाही.

आता आपल्या प्रकरणाकडे येतो. आपल्यासारखाच प्रसंग फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवर घडलेला आहे. मे २००३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत एसी मिलान आणि इंटर मिलान यांची गाठ पडली. दोघांचे घर एकच, सान सिरो. पहिल्या सामन्यात मिलान यजमान, निकाल ०-०. दुसऱ्यात इंटर यजमान, निकाल १-१. शेवचेन्कोने केलेला गोल 'परक्या मैदानावरचा' ठरला, मार्टिन्सने केलेली बरोबरी 'घरची' ठरली, आणि मिलान अंतिम फेरीत गेला. निदान तिथे एवढे तरी होते की यजमान बदलताच बहुसंख्य प्रेक्षक बदलले, स्टेडियमचा रंग बदलला. आपल्याकडे तर तेही बदलले नाही. झाडही तेच होते.

---

मधली फळी

वरच्या प्रतिसादातील इतिहास उत्तम आहे. मी त्यात खेळाच्या अंगाने भर घालतो. मी काही वर्षे किशोर संघांना शिकवले आहे आणि हा नियम मैदानावर खेळाडूच्या मनात काय करतो हे जवळून पाहिले आहे.

नियमाचा हेतू पाहुण्यांना धीट करण्याचा होता. प्रत्यक्षात काही वर्षांनी त्याने यजमानांना भित्रे केले. पहिला सामना घरी असलेला प्रशिक्षक विचार करतो की गोल झाला नाही तरी चालेल, पण एक गोल खाल्ला तर पुढच्या सामन्यात दोन करावे लागतील. मग दोन्ही बाजूंचे बचावपटू वर जात नाहीत, मधल्या फळीतील एक खेळाडू कायम मागे राहतो आणि ज्या सामन्यात घरचे प्रेक्षक पाठीशी आहेत त्याच सामन्यात संघ हात राखून खेळतो. नियम रद्द करताना युएफाच्या अध्यक्षांनी नेमके हेच कारण पुढे केले होते.

दुसरा दोष शेवटच्या मिनिटांत दिसतो. चॅम्पियन्स लीगच्या २००९ च्या उपांत्य फेरीत चेल्सी आणि बार्सिलोना यांचा पहिला सामना ०-० झाला. लंडनमधील दुसऱ्या सामन्यात चेल्सी नवव्या मिनिटापासून १-० ने पुढे होता. भरपाईच्या वेळेत इनिएस्ताचा एक फटका जाळीत गेला आणि सामना १-१ होताच चेल्सी बाहेर पडला. दोन सामने बरोबरीत, गोलबेरीज समान, तरीही जादा वेळ नाही, टायब्रेकर नाही. २०१९ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध आयाक्सचे असेच झाले. लंडनमध्ये १-० ने जिंकून, ॲमस्टरडॅममध्ये मध्यंतराला २-० ने पुढे असलेला संघ टॉटनहॅमच्या लुकास मौराच्या तीन गोलांनी ३-३ अशा समान बेरजेवर घरी बसला. तिसरा गोल ९६ व्या मिनिटाला झाला होता. अशा सामन्यांचा थरार मी नाकारत नाही, पण तो थरार हिशेबातून आलेला आहे, वरचढ खेळातून नव्हे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

नियम गेल्यावर काय होते हे मे २०२२ मध्ये दिसले. मँचेस्टरमध्ये सिटीने रेआल माद्रिदला ४-३ ने हरवले होते. माद्रिदमध्ये ९० व्या मिनिटापर्यंत सिटी १-० ने पुढे होता, मग रॉड्रिगोने एका मिनिटाच्या अंतराने दोन गोल केले आणि बेरीज ५-५ झाली. जुना नियम असता तर तीन परके गोल नावावर असल्याने रेआल माद्रिद तिथेच अंतिम फेरीत गेला असता. सिटीला आणखी अर्धा तास मिळाला. त्यात बेन्झेमाने पेनल्टीवर गोल केला आणि पुढे माद्रिदच गेला. निकाल तोच लागला, पण सिटीच्या खेळाडूला 'आपण हरलो कुठे' असा प्रश्न पडला नसेल. तो जादा वेळेत हरला, समोरच्याने एक गोल अधिक केला म्हणून हरला.

---

उजवी बगल

मी थोडा विरोधी सूर लावतो, कारण एकच बाजू ऐकून बैठकीला जाणे योग्य ठरणार नाही.

हा नियम जगभरातून गेलेला नाही. आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगमध्ये तो आजही आहे आणि उत्तर व मध्य अमेरिकेच्या चॅम्पियन्स कपमध्येही आहे. एप्रिल २०२५ मध्ये आफ्रिकेच्या उपांत्य फेरीत मामेलोडी सनडाउन्स आणि अल अहली यांच्यात प्रिटोरियाला ०-० आणि कैरोला १-१ असे निकाल लागले. शेवटच्या क्षणी अल अहलीच्याच बचावपटूकडून स्वतःच्या जाळीत चेंडू गेला आणि त्या गोलावर सनडाउन्स अंतिम फेरीत पोहोचला. भांडुपकरांच्या दोन सामन्यांचे निकालही हेच आहेत, फक्त क्रम उलटा. पण त्या दोन शहरांमध्ये जवळजवळ अख्खा आफ्रिका खंड आहे. हवामान वेगळे, उंची वेगळी, प्रेक्षक वेगळे. इतके अंतर कापून जाऊन कैरोमध्ये मिळवलेल्या गोलाचे मोल घरच्या गोलाहून अधिक धरले, तर त्यात मला अन्याय दिसत नाही.

आणखी एक बाजू अशी की नियम काढल्यावर दुसरा सामना घरी असणाऱ्याला जादा वेळेचा अर्धा तासही घरच्याच मैदानावर मिळतो. हा लाभ लहान नाही. म्हणून नियमाला सरसकट वाईट म्हणू नये. जिथे खरोखर परके मैदान आहे तिथे त्याला अर्थ आहे. भांडुपच्या स्पर्धेत परके मैदानच नाही, म्हणून तिथे तो लावू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

---

मधली फळी

जादा वेळेचा मुद्दा मान्य आहे. मात्र जुन्या पद्धतीत युरोपात दुसऱ्या सामन्याच्या जादा वेळेतील पाहुण्यांचा गोलही परका धरला जाई, म्हणजे पाहुण्यांना १२० मिनिटे आणि यजमानांना त्यांच्या परक्या सामन्यात केवळ ९० मिनिटे मिळत. असमतोल दोन्हीकडे आहे, फक्त बाजू बदलते.

नियम नसला की पाहुणे धाडस करणार नाहीत, ही भीती मात्र मला पटत नाही. चॅम्पियन्स लीगच्या २०२५ च्या उपांत्य फेरीत इंटर आणि बार्सिलोना यांनी दोन सामन्यांत मिळून तेरा गोल केले. बार्सिलोनात ३-३, मिलानमध्ये जादा वेळेनंतर ४-३. एका उदाहरणाने सिद्धान्त ठरत नाही हे मी जाणतो. पण आपल्याच शहराचा संघ पाहा. इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत २४ एप्रिल २०२४ रोजी गोव्यात फातोर्ड्याला मुंबई सिटी ९० व्या मिनिटापर्यंत गोव्याविरुद्ध ०-२ ने मागे होता. तिथून छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटे असे तीन गोल करून सामना ३-२ ने जिंकला, नंतर अंधेरीला दुसरा सामना २-० ने जिंकला आणि पुढे कोलकात्यात मोहन बागानला हरवून करंडक आणला. फातोर्ड्याला त्या शेवटच्या मिनिटांत पुढे धावणाऱ्यांना कोणत्याही निकषाचे आमिष नव्हते.

---

भांडुपकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सान सिरोच्या सामन्यांविषयी मी ऐकले होते, पण निकाल इतके सारखे आहेत हे लक्षात आले नव्हते. दोन गोष्टी अजून विचारतो. दोन सामन्यांऐवजी एकच सामना ठेवावा काय? आणि समान बेरजेवर जादा वेळ ठेवावा की थेट टायब्रेकर घ्यावा? आमचे सामने ७० मिनिटांचे असतात आणि एकापाठोपाठ तीन सामने लावलेले असतात, हेही ध्यानात घ्यावे.

---

कूपरेजकर

एकाच मैदानावर बाद फेरी खेळवणे ही मुंबईची जुनी रीत आहे, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नावर लिहिण्याचा मोह आवरत नाही.

मुंबईचा रोव्हर्स कप हा फुटबॉल करंडक १८९१ मध्ये वूस्टरशायर रेजिमेंटने प्रथम जिंकला. सुरुवातीची साडेचार दशके तो लष्करी पलटणींकडेच राहिला, १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने ती साखळी तोडली आणि पुढच्या वर्षी पुन्हा करंडक नेला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो जिंकला. हैदराबाद, कोलकाता, बंगळूर, पंजाब, कुठूनही संघ आला तरी खेळायचे ते कूपरेजवरच. तिथे घरचे कोण आणि परके कोण याचा हिशेब नियमावलीत कधीच नव्हता. मी वडिलांबरोबर जायला लागलो तेव्हा ऑर्के मिल्स, मफतलाल, टाटा, महिंद्र असे आपल्या शहरातील संघ कोलकात्याच्या मोठ्या संघांना भिडत. गिरण्यांतून आणि बँकांतून सुटलेली माणसे थेट मैदानावर येत. मुंबईच्या संघांना प्रेक्षकांचा आधार नक्कीच मिळे, पण गोलाची किंमत सगळ्यांना सारखी असे.

बरोबरीचा प्रश्न तेव्हाही सुटत नसे. सामना पुन्हा खेळवला जाई, आणि कधी त्यानेही निर्णय झाला नाही तर करंडक विभागून दिला जाई. १९६२ मध्ये ईस्ट बंगाल आणि आंध्र पोलीस संयुक्त विजेते ठरले. आज तसे करणे कोणाला रुचणार नाही, परंतु त्या काळी दोन थकलेले संघ एकाच करंडकाला हात लावून उभे राहिले तर त्यात प्रेक्षकांना उणेपणा वाटत नसे.

आता अलीकडचे. ऑगस्ट २०२० मध्ये साथीमुळे चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरीपासून पुढची सगळी स्पर्धा लिस्बनमध्ये झाली, आणि मैदान त्रयस्थ असल्याने प्रत्येक फेरीत एकच सामना ठेवला गेला. बायर्नने बार्सिलोनाला ८-२ ने हरवले ते तिथेच. आशियाई चॅम्पियन्स लीग एलिटने २०२५ मध्ये हाच मार्ग धरला. सोळा संघांची फेरी दोन सामन्यांची झाली, पण उपांत्यपूर्व फेरीपासून सर्व संघ जेद्दाला गेले आणि एकेका सामन्यात निकाल लागला.

तरीही आपल्या समितीला दोन सामने हवेच असतील, तर त्याचेही उदाहरण आपल्या घरचे आहे. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग साथीमुळे पूर्णपणे गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. उपांत्य फेरीत मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांचा पहिला सामना फातोर्ड्याला २-२ झाला, त्यात गोवा यजमान होता. दुसरा बांबोळीला ०-०, त्यात मुंबई यजमान. परक्या गोलांचा निकष असता तर मुंबई दोन गोलांच्या बळावर तिथेच पुढे गेली असती. पण तो निकष नव्हता. जादा वेळ झाला, टायब्रेकरसाठी दोन्ही संघांनी गोलरक्षक बदलले, आणि मुंबई ६-५ ने जिंकली. देशातील सर्वांत मोठ्या स्पर्धेने 'मैदान परके नसेल तर गोलही परका नाही' हे तत्त्व आचरणात आणले, आणि त्याचा भार आपल्याच शहराच्या संघाने सोसला. समितीपुढे मी हेच उदाहरण सर्वांत आधी ठेवीन.

माझे स्वतःचे मत एका सामन्याच्या बाजूने आहे. वाचलेल्या तारखांत आठही संघांसाठी आधी साखळी सामने घेता येतील आणि मुलांना अधिक खेळायला मिळेल.

---

निवृत्त पंच

मी नियमांपुरते बोलतो.

फुटबॉलच्या नियमपुस्तकातील दहावा नियम स्पष्ट आहे. विजेता ठरवणे आवश्यक असेल तर स्पर्धेला तीनच मार्ग मोकळे आहेत: परक्या मैदानावरील गोल, प्रत्येकी १५ मिनिटांपेक्षा जास्त नसलेले जादा वेळेचे दोन समान भाग, आणि पेनल्टी शूटआउट. यांपैकी एक किंवा अनेक मार्ग एकत्र वापरता येतात. म्हणजे आपल्या आयोजकांनी नियमबाह्य काहीही केलेले नाही, आणि तो निकष वगळणेही तितकेच नियमात बसते. नाणेफेक मात्र निकालासाठी वापरता येत नाही. लहान स्पर्धांत वेळ संपत आला की अजूनही कोणीतरी ती सुचवतो, म्हणून सांगून ठेवतो.

जादा वेळ वगळून थेट टायब्रेकर घेण्यात काहीही गैर नाही. दक्षिण अमेरिकेच्या कोपा लिबर्टाडोरेसमध्ये अंतिम सामना सोडून बाद फेरीत हीच पद्धत आहे. आपले सामने एकापाठोपाठ असतात, मैदान ठरावीक तासांपुरते मिळते, आणि मुंबईत डिसेंबरातही दुपारची आर्द्रता मुलांना दमवते. ७० मिनिटे खेळलेल्या सतरा वर्षांच्या मुलांना पुढे अर्धा तास धाववण्यापेक्षा थेट पेनल्टी घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. जादा वेळ हवाच असेल तर पाच-पाच मिनिटांचे दोन भाग ठेवता येतील, १५ ही कमाल मर्यादा आहे.

टायब्रेकरमध्ये लहान स्पर्धांत वाद होतात ते बहुधा त्याच त्या बाबींवर. सामना संपताना जे मैदानावर होते तेच पेनल्टी घेऊ शकतात, बाहेर बसवलेला हुकमी खेळाडू ऐनवेळी आत आणता येत नाही. एका संघाचे खेळाडू कमी उरले असतील तर दुसऱ्यानेही तितकेच ठेवायचे असतात. कोणत्या चौकटीवर पेनल्टी घ्यायच्या हे पंच नाणे उडवून ठरवतात, पण मैदानाची स्थिती किंवा सुरक्षितता पाहून ते स्वतः चौकट निवडू शकतात. आपली फाटकाकडची जाळी फाटलेली असेल तर पंचांनी दुसरी चौकट निवडावी, किंवा त्याहून बरे, समितीने जाळीच बदलावी. फटका मारताना गोलरक्षकाच्या एका पायाचा काही भाग तरी गोलरेषेवर किंवा तिच्या सरळ रेषेत अथवा मागे असला पाहिजे.

मार्च २०२५ मध्ये रेआल माद्रिद आणि आटलेटिको यांच्या टायब्रेकरमध्ये हुलियान आल्वारेझचा पाय घसरला, चेंडूला दोनदा स्पर्श झाला आणि गोल रद्द ठरला. त्यानंतर नियमकर्त्यांनी खुलासा केला की असा दुहेरी स्पर्श अनवधानाने झाला आणि गोल झाला असेल तर पेनल्टी पुन्हा घ्यावी. मातीच्या मैदानावर पाय घसरणे नेहमीचे आहे, त्यामुळे आपल्या पंचांना हा बदल आधीच सांगून ठेवावा.

नियमावलीत एवढे वाक्य पुरेल: "सर्व सामने एकाच मैदानावर होत असल्याने परक्या मैदानावरील गोलांचा निकष लागू होणार नाही, निर्धारित वेळेनंतर, अथवा दोन सामने असल्यास दुसऱ्या सामन्याच्या शेवटी, बरोबरी राहिल्यास थेट पेनल्टी शूटआउट घेतले जाईल."

---

भांडुपकर

हे वाक्य मी जसेच्या तसे समितीपुढे ठेवतो. सोबत २०२१ च्या मुंबई-गोवा उपांत्य फेरीचे उदाहरण देईन, आणि साखळी सामने व नंतर एकेरी बाद फेरी हा कूपरेजकरांचा पर्यायही मांडेन. जाळीचा खर्च आमचा क्लब उचलेल, हे मी आजच मुलांशी बोलून ठरवले. डाव्या बचावपटूला हा सगळा धागा वाचायला दिला आहे. सान सिरोचा भाग त्याने दोनदा वाचला आणि नंतर पेनल्टीच्या सरावाला उतरला.

एक शेवटची शंका आहे. आमच्या मैदानावर पेनल्टीची खूण दुपारपर्यंत पुसली जाते. तेव्हा अंदाजाने चेंडू ठेवला तर चालतो का?

---

निवृत्त पंच

नाही. गोलरेषेपासून ११ मीटर हे अंतर ठरलेले आहे आणि दोन्ही संघांना ते अगदी सारखे मिळाले पाहिजे. सकाळी मोजपट्टीने मोजून दोन्ही चौकटींसमोर खुणेच्या जागी फक्की टाकावी, आणि प्रत्येक सामन्याच्या मध्यंतरात ती पुन्हा टाकावी. टायब्रेकर सुरू होण्यापूर्वी पंचांनी दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून ती खूण दाखवावी. मोजपट्टी आणि फक्कीची पिशवी आयोजकांच्या टेबलावरच ठेवावी.